सूटचं बिल आणि बटलरचं पाकीट: क्रूझवरची टिप नेमकी कुणाच्या हातात पडते?

शेजारच्या काका-काकूंच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून त्यांच्या मुलानं त्यांना अलास्काच्या क्रूझवर पाठवलं. साधी खोली नाही, हौसेनं सूट घेऊन दिला. परत आल्यावर काकांनी हिमनद्यांचे फोटो दाखवायच्या आधी मला एक कागद दाखवला. जहाजावरच्या खर्चाचं बिल होतं ते, घड्या घालून घालून मऊ पडलेलं. त्यात एकच ओळ पुन्हा पुन्हा छापलेली: रोजची, माणशी, ‘ग्रॅच्युइटी’. सात रात्री, दोन माणसं, म्हणजे चौदा वेळा. काका म्हणाले, “खोलीचे पैसे आधीच भरले, जेवण त्यातच आलं. मग हे कशाचे?”

काकूंची बोच वेगळी होती. सूटला एक बटलर होता, त्यांच्या धाकट्याच्या वयाचा. रोज दुपारी चारला चहा आणि काहीतरी खायला घेऊन यायचा. काकू अंडं खात नाहीत हे त्यानं पहिल्याच दिवशी विचारून घेतलं आणि पुन्हा एकदाही सांगावं लागलं नाही. शेवटच्या रात्री काकू त्याच्यासाठी पाकीट भरायला बसल्या, तर काका म्हणाले, “टिप बिलात लागलीये की.” पाकीट परत पर्समध्ये गेलं. येताना विमानतळावर एका सहप्रवाशानं सांगितलं की त्यांच्या जहाजावर बिलातल्या टिपमधला एक डॉलरही बटलरला जात नाही. तेव्हापासून काकूंना चैन नाही.

काकांचा प्रश्न रास्त आहे आणि काकूंची बोच त्याहून रास्त. हल्ली सिंगापूर, अलास्का, भूमध्य समुद्र अशा क्रूझ आपल्याकडची बरीच कुटुंबं करतात, आणि हा घोळ जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येतो. म्हणून जरा मुळापासून पाहू.

आधी शब्दांचा घोळ

‘ग्रॅच्युइटी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर निवृत्ती येते: पाच वर्षं नोकरी, प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, एकरकमी चेक. क्रूझच्या बिलातल्या ग्रॅच्युइटीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. इंग्रजीत टिपलाच जरा औपचारिकपणे ग्रॅच्युइटी म्हणतात. काही कंपन्या तिला ‘सर्व्हिस चार्ज’ म्हणतात. नाव काहीही असो, ती प्रत्येक प्रवाशाच्या खात्यावर दर दिवशी आपोआप लागते. पुढं मी तिला नुसतं ‘रोजची टिप’ म्हणणार आहे.

‘सूट’ही इथं सवलत नव्हे. बसायची जागा वेगळी, बाल्कनी मोठी, बरोबर काही खास सोयी, अशी जहाजावरची प्रशस्त खोली म्हणजे सूट. आणि ‘बटलर’ म्हणजे ठरावीक सूटांच्या पाहुण्यांची सगळी व्यवस्था बघणारा माणूस. सामान उघडून कपाटात लावून देणं, नाश्ता खोलीत मांडणं, रेस्टॉरंटची टेबलं मिळवून देणं, बंदरावर उतरायची वेळ जुळवणं, ही त्याची कामं.

आकडे किती?

२०२५ मध्ये रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीची रोजची टिप साध्या खोलीला माणशी १८.५० डॉलर होती आणि सूटला २१. कार्निव्हल या दुसऱ्या कंपनीची १६ आणि १८. सेलिब्रिटीची साध्या खोल्यांना १८, तर ‘द रिट्रीट’ या सूट विभागाला २३. नॉर्वेजियनची २०, आणि ‘द हेवन’ या खास विभागासह सूटांना २५. हे दर वर्षा-दोन वर्षांनी वाढतात, त्यामुळं तिकीट काढताना त्या दिवशीचा दर बघायचा. टिपचे पैसे तिकिटाबरोबर आगाऊ भरले तर मधे दर वाढला तरी सहसा झळ बसत नाही.

नवरा-बायको, सात रात्री, दर २१ डॉलर: २९४ डॉलर झाले. डॉलर ८८ रुपयांना धरला तर २५,८७२ रुपये. दर २५ असेल तर ३५० डॉलर, म्हणजे ३०,८०० रुपये. मुलं बरोबर असतील तर त्यांचीही टिप लागते, अगदी लहानग्यांना सोडून. नॉर्वेजियनमध्ये तीन वर्षांच्या मुलापासून पुढं ती लागते. याशिवाय दारू, कॉफी, स्पा अशा वेगळ्या पैशांच्या गोष्टींवर १८ ते २० टक्के जागच्या जागी जोडले जातात, ते निराळेच. रक्कम लहान नाही. काका कागदाच्या घड्या घालत बसले त्यात नवल नाही.

बलुतं आणि पोस्त

हे पैसे कुठं जातात ते समजायला आपल्या दोन जुन्या गोष्टी आठवा.

पहिली बलुतं. गावात सुतार, लोहार, न्हावी, कुंभार वर्षभर सगळ्यांची कामं करायचे आणि प्रत्येक कामाचे सुटे पैसे घ्यायचे नाहीत. सुगीला खळ्यावर धान्याची रास पडली की त्यातून प्रत्येकाचा ठरलेला वाटा मोजून दिला जायचा. तुमचा नांगर यंदा मोडला की नाही, हा प्रश्न नसायचा. दुसरी दिवाळीचं पोस्त. ते एका माणसानं एका माणसाच्या हातात द्यायचं. रोज पहाटे दूध घालणारा, कचरा नेणारी बाई, इमारतीचा वॉचमन. त्यात ओळख असते आणि ज्याच्या हातात पडलं त्याचंच ते असतं.

क्रूझवरची रोजची टिप हे बलुतं आहे. सगळ्या प्रवाशांचे पैसे एका राशीत पडतात आणि त्यातून कंपनी वाटे पाडते. रॉयल कॅरिबियन सांगते की या पैशांत जेवणघर, बार आणि स्वयंपाकघरातली माणसं, खोल्या आवरणारे, आणि पडद्यामागची हॉटेल विभागाची इतर माणसं वाटेकरी आहेत. म्हणजे तुमच्या ताटल्या धुणारा, चादरी-टॉवेल धुणारा, रात्री दोन वाजता जिने पुसणारा. यातल्या एकाचंही तोंड तुम्हाला दिसत नाही, म्हणून तुम्ही त्याला पोस्त कधी देणारच नाही. त्याला बलुतंच पोचतं. शेवटच्या रात्रीचं पाकीट हे पोस्त. दोन्ही वेगळी आहेत आणि एकानं दुसऱ्याची भरपाई होत नाही, इथंच बहुतेकांची गफलत होते.

बलुत्याची उपमा मी विचार करूनच वापरते आहे. त्या व्यवस्थेत काम जातीनं ठरलेलं होतं, वाटा किती हे सांगायचा हक्क घेणाऱ्याला जवळपास नव्हता, आणि एखाद्या वर्षी हात आखडला तर दाद मागायला जागा नव्हती. जहाजावरही पैसे देणारा आणि घेणारा यांच्यात अशीच दरी आहे. तिच्याकडं पुढं येते.

पाकिटं जाऊन बिल कसं आलं?

पूर्वी क्रूझवर शेवटच्या रात्री पाकिटं वाटायची पद्धत होती. खोली आवरणारा एक, जेवणाच्या टेबलावरचा वेटर दुसरा, त्याचा मदतनीस तिसरा, मुख्य वेटर चौथा. हे जमायचं, कारण संपूर्ण प्रवासात तुमचं टेबल एकच, वेळ एकच आणि वेटरही तोच असायचा.

नॉर्वेजियननं २००० साली ‘फ्रीस्टाइल’ सुरू केलं: हवं तेव्हा, हव्या त्या रेस्टॉरंटात जेवा. आता आज एक वेटर, उद्या दुसरा. पाकीट द्यायचं कुणाला? मग माणशी रोजची एक रक्कम लावून ती सगळ्यांत वाटायची रीत रुजत गेली. रॉयल कॅरिबियननं ती २०१३ मध्ये आपोआप लावायला सुरुवात केली. प्रवाशाची शेवटच्या रात्रीची धांदल वाचली. पण माणसाच्या हातातून माणसाच्या हातात जाणारी गोष्ट बिलाची एक ओळ झाली, आणि बिलातली ओळ दिसली की आपला हात खोडरबराकडं जातो.

सूटचा दर जास्त, तरी बटलर बाहेर?

सूटच्या पाहुण्याकडून रोजचे दोन ते पाच डॉलर जास्त घेतात ते साधारण या हिशोबानं की सूट मोठा, आवरायला वेळ जास्त, माणसं जास्त. त्यावरून कुणीही समजेल की सूटसाठी नेमलेल्या प्रत्येकाला त्यातून वाटा मिळत असणार. इथंच कंपनीगणिक रीत बदलते.

नॉर्वेजियनच्या स्वतःच्या माहितीत स्पष्ट लिहिलेलं आहे की बटलर, कन्सिअर्ज यांसारखी काही माणसं मोजक्याच पाहुण्यांची सेवा करतात, त्यामुळं त्यांना सामाईक राशीतून वाटा नाही. त्यांना पाहुण्यांनी वेगळी टिप द्यावी. (कन्सिअर्ज म्हणजे सूटच्या पाहुण्यांच्या चौकश्या आणि बुकिंगं बघणारा, खास दालनात बसलेला माणूस.) त्यामागचं तर्कशास्त्र कळतं: आतल्या बाजूच्या, बिनखिडकीच्या खोलीत राहणाऱ्यानं दुसऱ्याच्या बटलरचा भार का उचलावा? पण मग सूटवाल्याकडून घेतलेल्या जादा पाच डॉलरमधून तरी त्या बटलरचा वाटा काढायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं. सूटचा म्हणून जास्त दर घ्यायचा आणि सूटची खूण असलेला माणूसच त्यातून वगळायचा, हे पाहुण्याच्या लक्षात येण्यासारखं नाही. ते तिकिटाच्या पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत असायला हवं.

दुसऱ्या टोकाला रॉयल कॅरिबियनची ‘स्टार क्लास’ ही सर्वांत वरची श्रेणी. तिथं ‘रॉयल जिनी’ नावाचा खास माणूस दिमतीला असतो आणि टिप भाड्यातच धरलेली असते. रीजंट सेव्हन सीज, सिल्व्हरसी, सीबोर्न या महागड्या जहाजांवरही टिप भाड्यात येते. काही कंपन्यांत बटलर राशीचा वाटेकरी असतो. म्हणून सूट घेताना एजंटला एक नेमका प्रश्न विचारायचा: “माझ्या बटलरला आणि कन्सिअर्जला रोजच्या टिपमधून वाटा मिळतो का?” ‘टिप्स इन्क्लुडेड’ एवढ्या उत्तरावर थांबायचं नाही. ते उत्तर खरं असूनही काकूंचं पाकीट पर्समध्ये राहिलं.

कंपनी पुरेसा पगार का देत नाही?

हा प्रश्न प्रत्येकाच्या ओठावर येतो. त्याचं उत्तर जहाजाच्या मागच्या टोकाला लिहिलेलं असतं. तिथं जहाजाच्या नावाखाली त्याच्या नोंदणीचं बंदर असतं. क्रूझच्या बऱ्याच मोठ्या कंपन्यांची मुख्य कचेरी मायामीला, प्रवासी बहुतांश अमेरिकन, पण जहाजं नोंदलेली बहामा, पनामा, बर्म्युडा किंवा माल्टाला. जहाजावर कायदा चालतो तो नोंदणीच्या देशाचा. अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा परदेशी झेंड्याच्या जहाजावरच्या खलाशांना लागू नाही, असं त्या कायद्यातच म्हटलं आहे. हवाई बेटांभोवती फिरणारं ‘प्राइड ऑफ अमेरिका’ हे अमेरिकन झेंड्याचं मोठं जहाज त्याला अपवाद. त्यावरचे कर्मचारीही बहुतांश अमेरिकन आहेत.

मग काहीच नियम नाहीत का? आहेत. ‘मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन’ हा आंतरराष्ट्रीय करार २००६ साली झाला, २० ऑगस्ट २०१३ पासून लागू आहे आणि भारतानं त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली. जहाजावर काम करणारा प्रत्येक जण, मग तो इंजिनात असो की बटलर असो, त्यात ‘खलाशी’ धरला जातो. त्यात कामाच्या तासांच्या दोन पट्ट्या आहेत आणि देशानं त्यातली एक निवडायची: एक तर आठवड्याला जास्तीत जास्त ७२ तास काम, नाहीतर कमीत कमी ७७ तास विश्रांती. आठवड्याचे १६८ तास. त्यातून ७७ वजा केले की ९१ उरतात. म्हणजे दुसरी पट्टी लावली तर आठवड्याला ९१ तास काम नियमात बसतं, आणि त्यात आठवडी सुटीचा दिवस नसतो. करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचा असतो.

माझा आतेभाऊ मालवणकडचा. नऊ वर्षं तो जहाजावर खोल्या आवरायचा, त्यातली शेवटची काही सूट विभागात. एका कंपनीत त्याच्या करारात महिन्याच्या एकूण रकमेची हमी होती, आणि पाहुण्यांच्या टिप त्या हमीत मोजल्या जायच्या. म्हणजे टिप ही पगारावरची साय नव्हती, पगाराचंच दूध होतं. मूळ पगार किती, हे सांगताना तो अजूनही आवाज खाली आणतो.

त्यानं मला ‘बदलीच्या दिवसा’चं वर्णन केलं होतं. आठवड्यातून एकदा जहाज घरच्या बंदराला लागतं. सकाळी साडेनऊपर्यंत जुने पाहुणे उतरतात, दुपारी एकच्या आसपास नवे आत येतात. मधल्या साडेतीन तासांत त्याच्या वाटणीच्या सगळ्या खोल्या पहिल्यासारख्या करायच्या: चादरी, टॉवेल, न्हाणीघर, बाल्कनीची काच, सूटमधलं फळांचं ताट. तो सांगतो, हात आपोआप चालतात, पण शेवटची उशी अभ्र्यात घालताना बोटं वळत नाहीत. त्या दिवशी जेवण उभ्या उभ्या. आणि ज्या खोलीनं आठवडाभर गोड बोलून शेवटच्या दिवशी रोजची टिप काढून टाकलेली असेल, ती खोलीही तेवढीच चकचकीत करायची.

या रचनेचा इतिहास जहाजापेक्षा जुना आहे. अमेरिकेत यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीनं रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत नोकर म्हणून नेमले ते मुख्यतः गुलामीतून नुकतेच सुटलेले कृष्णवर्णीय पुरुष. पगार जेमतेम, बाकी प्रवाशांच्या बक्षिशीवर. बिछाने घालणं, बूट पुसणं, रात्रभर जागं राहणं, ही त्यांची कामं आजच्या सूटच्या कर्मचाऱ्याच्या कामाची पणजोबा शोभतील. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी संघटना बांधली आणि १९३७ मध्ये कंपनीला करार करायला लावला. अमेरिकेतही टिप सगळ्यांना पटलेली नव्हती. वॉशिंग्टन राज्यानं १९०९ मध्ये टिपवर कायद्यानं बंदीच घातली होती, पाठोपाठ आणखी काही राज्यांनीही. १९२६ पर्यंत ते सगळे कायदे मागे घेतले गेले.

“भाड्यातच का नाही घालत?”

घालता येतं. ब्रिटनच्या पीअँडओ क्रूझेसनं मे २०१९ पासून रोजची टिप बंद करून ती भाड्यात सामावून घेतली. जहाजं बुडाली नाहीत, पाहुणे पळाले नाहीत. बाकीच्या कंपन्या करत नाहीत याचं मुख्य कारण जाहिरातीतला आकडा. ‘सात रात्री ७९९ डॉलर’ हे ‘९४६ डॉलर’पेक्षा डोळ्यांना बरं दिसतं, आणि २१ डॉलरच्या दरानं सात रात्रींचा माणशी फरक बरोबर १४७ डॉलर येतो.

माझं स्पष्ट मत आहे की हे पैसे भाड्यातच असावेत. तसं झालं तर काकांना बिल तपासत बसावं लागणार नाही, आणि भांडी धुणाऱ्याचा महिना आठव्या मजल्यावरच्या पाहुण्याच्या लहरीवर अवलंबून राहणार नाही. पण तसं होईपर्यंत टिप काढून टाकणं हा कंपनीला धडा शिकवायचा मार्ग नव्हे. कंपनीचं भाडं तिला आधीच मिळालेलं असतं.

“आपल्याकडं कोर्टानंच सांगितलंय ना, सक्ती नको म्हणून?”

सांगितलंय. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये हॉटेल-रेस्टॉरंटांना बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावायला मनाई केली, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ती मनाई उचलून धरली. पण तो नियम भारतातल्या हॉटेलांचा. सिएटलहून अलास्काला निघालेल्या बहामाच्या जहाजावर तो घेऊन जाता येत नाही.

शिवाय दोन्हीकडची परिस्थितीही एक नाही. आपल्या रेस्टॉरंटातल्या वेटरला, निदान कागदावर, राज्याचं किमान वेतन लागू असतं आणि सर्व्हिस चार्ज दिलाच तर तो त्या वेतनाच्या वर येतो. जहाजावरच्या माणसाचा महिनाच त्या टिपवर बेतलेला असतो. नाक्यावरच्या हॉटेलात सर्व्हिस चार्ज नाकारणारा ग्राहक आपला हक्क बजावतो. जहाजावर टिप काढणाऱ्यालाही बहुतेक कंपन्यांत तो हक्क असतो, फक्त त्याची किंमत तिसराच कुणीतरी मोजतो.

“सेवाच वाईट मिळाली तर?”

तर त्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या खिडकीवर जाऊन सांगा. खोली आवरली नाही, न्हाणीघर तुंबलं, बटलर फिरकलाच नाही, जे असेल ते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सांगितलं तर दुरुस्तीला वाव असतो. सुपरवायझर येतो, माणूस बदलतो. शेवटच्या सकाळी त्याच खिडकीपुढं लांब रांग लागते ती मात्र बहुतेक वेळा ‘टिप काढा’ म्हणणाऱ्यांची, आणि त्यातल्या पुष्कळांची तक्रार काहीच नसते.

“मी राशीत देत नाही, ज्यानं माझं काम केलं त्यालाच रोख देतो,” असं म्हणणारेही असतात. हेतू चांगला असतो. पण त्यात न दिसणारी माणसं कोरडी राहतात. शिवाय काही कंपन्यांत रोजची टिप काढलेल्या खोलीतून मिळालेली रोख रक्कम कर्मचाऱ्यानं राशीत जमा करायची असते. म्हणजे तुम्ही प्रेमानं हातात ठेवलेली नोट त्याला खिशात घालता येत नाही. राशीला हात लावू नका आणि मनापासून वाटलं तर वर पोस्त द्या, हीच रीत सगळ्यांना सोयीची.

मग सूटमध्ये किती आणि कसं द्यायचं?

याचं सरकारी दरपत्रक नाही. मी माझा हिशोब सांगते, तो कमी-जास्त करायला तुम्ही मोकळे.

बटलर राशीच्या बाहेर असेल आणि त्यानं खरोखर काम केलं असेल, तर एका खोलीमागे रोजचे १० डॉलर, म्हणजे आठवड्याला ७० डॉलर मी बाजूला काढून ठेवीन. तिकीट काढतानाच ते बजेटात धरायचे, म्हणजे शेवटच्या रात्री मन कचरत नाही. तो राशीचा वाटेकरी असेल तर त्याच्या निम्म्यानं भागतं. बटलरला एकदाही हाक मारली नसेल तर द्यायची सक्ती नाही. पण मग पुढच्या वेळी सूट कशाला घ्यायचा याचाही विचार करावा. कन्सिअर्जनं काही अवघड जमवून दिलं असेल, भरलेल्या रेस्टॉरंटात टेबल किंवा किनाऱ्यावर जायची चुकलेली छोटी बोट, तर २०-४० डॉलर. खोली आवरणारा राशीत असतोच. मुलांनी बिस्किटांचा चुरा गालिचाभर केला असेल, किंवा बरोबर आजारी आजी-आजोबा असतील आणि त्यानं दिवसातून चार फेऱ्या मारल्या असतील, तर २०-३० डॉलर त्याच्या हातात ठेवावेत.

नोटा डॉलरच्याच द्या आणि जरा छोट्या आणा, दहा-वीसच्या. रुपये देऊ नका. माणूस भारतीय असला तरी तो घरी सहा महिन्यांनी जाणार असतो, आणि जहाजावर त्याचा सगळा व्यवहार डॉलरमध्ये चालतो. पाकिटावर खोलीचा नंबर आणि त्याचं नाव लिहा. द्यायची वेळ शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळची. शेवटच्या सकाळी तो तुम्हाला सापडणार नाही, तो पुढच्या खोलीच्या चादरी ओढत असेल. काही जण पहिल्याच दिवशी थोडं देतात. मला ते आवडत नाही, कारण त्यात कौतुकापेक्षा सौद्याचा वास येतो, पण चूक म्हणता येणार नाही.

आणि नाव. प्रवास संपल्यावर कंपनी एक फॉर्म पाठवते. त्यात कर्मचाऱ्याचं नाव लिहून काय केलं ते दोन ओळींत लिहिलं तर ते त्याच्या वरिष्ठांपर्यंत पोचतं. आतेभाऊ सूट विभागात गेला तो अशा नोंदींच्या जोरावर. एका बाईंनी लिहिलं होतं की तिच्या आईला रात्री चष्मा सापडत नसे म्हणून तो रोज उशाशी त्याच जागी ठेवायचा. तो कागद त्यानं अजून जपून ठेवलाय. मात्र टिप काढून नुसतं ‘थँक यू’चं कार्ड ठेवणाऱ्या खोल्याही त्याला लक्षात आहेत, आणि त्याबद्दल तो काही बोलत नाही.

ती माणसं आपलीच असतात

गोव्यात समुद्रावर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात, आणि तारवटी नाही असं गाव तिकडं शोधावं लागेल. मुंबईत धोबी तलावाच्या आसपास गोव्याच्या गावागावांचे ‘कूड’, म्हणजे त्या त्या गावच्या माणसांची उतरायची ठिकाणं आहेत. जहाजाची वाट बघत थांबलेल्या माणसांनी ते पिढ्यान्‌पिढ्या भरलेले असायचे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातूनही मुलं हॉटेल मॅनेजमेंट करून थेट क्रूझवर जातात. तुमच्या घरातलं कुणी जात असेल तर दोन गोष्टी आधी बघा. भरती करणाऱ्या एजंटाकडं नौवहन महासंचालनालयाचा परवाना हवा, त्याला आरपीएसएल म्हणतात. आणि नोकरी लावून देण्यासाठी मुलाकडून पैसे घ्यायला त्या आंतरराष्ट्रीय करारानंच मनाई आहे. करारपत्रात मूळ पगार किती, हमीची रक्कम किती आणि टिप त्या हमीत धरतात की वर देतात, हे लिहून घ्या. तोंडी सांगितलेल्या ‘महिन्याला इतके डॉलर’मध्ये पाहुण्यांची मर्जी आधीच मोजलेली असते.

काकूंनी मला विचारलं, आता त्या मुलाला पैसे पाठवता येतील का? कंपनीमार्फत तसं करणं सोपं नसतं आणि त्याचा पत्ता त्यांच्याकडं नव्हता. नाव मात्र होतं. चहाच्या ट्रेवर रोज एक छोटी चिठ्ठी असायची, त्यातली एक त्यांनी पासपोर्टच्या कव्हरात ठेवून दिली होती. कंपनीचा फॉर्म काकांच्या इमेलमध्ये न उघडता पडलेला होता. आम्ही दोघी बसलो, काकू मराठीत सांगत गेल्या आणि मी इंग्रजीत लिहीत गेले: दुपारचे चार, अंड्याशिवायचा केक, गुडघा दुखतो म्हणून दारापर्यंत आणलेली खुर्ची. काका मधेच म्हणाले, “त्याचं नाव नीट लिही हं, स्पेलिंग त्या चिठ्ठीवरचंच घे.”